उपचार चालू आहेत, झोपही लागते. पण माणसांत परत कसे यावे?

भरतीओहोटी | १ नोव्हेंबर, रात्री ११:२०

नमस्कार. हा प्रश्न मी यापूर्वी दोनदा लिहून पुसून टाकला आहे, त्यामुळे लिखाण विस्कळीत वाटल्यास सांभाळून घ्यावे.

मी गोव्यातल्या चोडण बेटावरचा. सतरा वर्षे मालवाहू जहाजांवर इंजिनखात्यात मोटरमन होतो. आमच्याकडे अशा माणसाला तारवटी म्हणतात. तीन वर्षांपूर्वी भर समुद्रात, पहाटे तीनच्या सुमारास, तापलेल्या पाइपवर तेलाची धार उडून इंजिनरूममध्ये आग लागली. माझ्या शेजारच्या केबिनमधला सहकारी त्या रात्री वाचला नाही. दरवाजा बाहेरून बंद करण्याचे काम माझ्या वाट्याला आले होते. याहून अधिक येथे लिहीत नाही.

घरी परतल्यावर वर्षभर मी कोणापाशी काही बोललो नाही. नंतर पत्नीने हाताला धरून डॉक्टरांकडे नेले. पीटीएसडी (आघातानंतर जडणारा मानसिक ताणविकार) आणि त्याच्या जोडीला नैराश्य, असे निदान झाले. तेव्हापासून गोळ्या आणि समुपदेशन दोन्ही चालू आहे, आणि गुण आला आहे हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. पूर्वी रोज पडणारे स्वप्न आता महिन्यातून दोन-तीनदा पडते. जेवण जाते.

तरीही मी एकटा आहे, आणि तेही भरल्या घरात. आई आहे, पत्नी आहे, अकरावीतली मुलगी आहे. सकाळी सोप्यावर बसतो. रस्त्याने जाणारा ओळखीचा माणूस हात करतो, मीही हात करतो आणि तो आत येऊन बसेल या धास्तीने लगेच उठून माजघरात जातो. रायबंदरची फेरीबोट काही मिनिटांत पलीकडे नेते, परंतु तिच्या इंजिनाची धडधड पत्र्यातून पोटऱ्यांत चढते आणि डिझेलचा वास नाकात बसतो, म्हणून पणजीला जायचे झाले तर मी मयेमार्गे डिचोली गाठून मोठा वळसा घेतो. यंदा नरकासुर जाळण्याच्या रात्री मी सर्वांत आतल्या खोलीत, कानांवर उशी घेऊन बसलो होतो. चवथीच्या आरतीला घुमट (मातीच्या घटाला चामडे लावलेले वाद्य) वाजवणारा मी. ते घुमट तीन वर्षे खुंटीवर आहे.

माझा प्रश्न असा, की आजार आटोक्यात आल्यावर मागे उरलेला हा एकटेपणा आजाराचाच भाग समजावा, की ते वेगळे दुखणे आहे? आणि ज्यांनी ही वाट काढली त्यांनी ती कशी काढली?

दशावतारी | २ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

आपण फार विचार करता, असे मला वाटते. पहाटे उठून चालायला जावे, देवळात भजनाला बसावे, मन गुंतवून ठेवावे. आमच्या पेडण्यात जत्रांचा मोसम सुरू होतो आहे. एक रात्र दशावतार पाहायला यावे. संकासुराला पाहून हसला नाही असा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

म्हादईकाठ | २ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

दशावतारी, आपला हेतू चांगला आहे यात शंका नाही. परंतु ज्याला सोप्यावर बसवत नाही त्याला आपण रात्रभराच्या जत्रेचे आमंत्रण देत आहात. पाय मोडलेल्या माणसाला फुगडीला बोलावण्यासारखे आहे हे.

कोकमसरबत | २ नोव्हेंबर, दुपारी १:१५

मी व्यवसायाने समुपदेशक आहे. आपल्यावर उपचार करणाऱ्यांची जागा मी येथून घेऊ शकत नाही, म्हणून सर्वसाधारण माहिती तेवढी देते.

आघात घडल्यावर सुरुवातीचे काही आठवडे झोप उडणे, दचकणे, तेच दृश्य पुन्हा पुन्हा दिसणे हे बहुतेकांना होते आणि बहुतेकांचे ते आपोआप ओसरते. महिना उलटूनही ते टिकले आणि त्याने रोजचे जगणे अडू लागले, तर पीटीएसडीचा विचार करतात. त्याची लक्षणे चार गटांत पाहिली जातात: घटना स्वप्नांतून किंवा जागेपणी परत परत अनुभवास येणे, तिची आठवण करून देणारी ठिकाणे, माणसे, विचार टाळणे, स्वतःविषयी आणि जगाविषयी मन काळवंडणे, त्यात अपराधीपणा आणि माणसांपासून तुटल्याची भावनाही आली, आणि शरीर सतत सावध, ताणलेले राहणे. तेव्हा आपल्या प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्याचे उत्तर असे, की तुटलेपण हे लक्षणांतच मोडते. त्याच्या जोडीला नैराश्य असले, की आवडीच्या गोष्टींतला रस जातो आणि माणूस आणखी आत ओढला जातो.

परंतु मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो मयेचा रस्ता. फेरीबोट टाळली की त्या क्षणी सुटल्यासारखे वाटते, आणि ती सुटका इतकी गोड असते की पुढच्या खेपेस टाळणे आणखी सोपे होते. फेरीबोट निरुपद्रवी आहे हे शिकण्याची संधी मनाला मिळतच नाही. सोप्यावरून उठून आत जाणे हाही मयेचाच रस्ता आहे. स्वप्ने कमी झाली तरी ही सवय आपोआप मोडत नाही; तिच्यावर वेगळे काम करावे लागते, आणि तेही पायरीपायरीने, आपल्या समुपदेशकांशी ठरवून. कोणी मित्राने दंड धरून बोटीत चढवले तर तो उपचार नव्हे.

निवृत्त_सुभेदार | २ नोव्हेंबर, सायंकाळी ६:४०

मी सावंतवाडीचा, पण मुलीच्या घरी म्हापशाला असतो. सव्वीस वर्षे सैन्यात काढली. थोडे कडू लिहितो. अलीकडे परीक्षेत गुण कमी मिळाले तरी लोक 'ट्रॉमा' झाला म्हणतात. आमच्या वेळी असले शब्द नव्हते, आणि आम्ही जगलो. धागाकर्त्यांचा अनुभव खरोखर भयंकर आहे, त्यांच्याविषयी हे म्हणत नाही. परंतु शब्द स्वस्त झाला की खऱ्या जखमीची किंमत कमी होते.

म्हादईकाठ | २ नोव्हेंबर, रात्री ८:१०

सुभेदारसाहेब, शब्द नव्हता म्हणून दुखणे नव्हते, असे होत नाही. आपल्या पलटणीत निवृत्तीनंतर दारूत बुडालेला, बायकोमुलांवर खेकसणारा, रात्री अंथरुणातून ओरडत उठणारा एकही जवान नव्हता, असे आपण छातीवर हात ठेवून सांगाल काय?

निवृत्त_सुभेदार | २ नोव्हेंबर, रात्री १०:५५

होते. दोन तर माझ्या सेक्शनमध्येच होते. त्यातल्या एकाच्या अंत्यविधीला मी गेलो होतो. आपला प्रश्न वर्मी लागला, म्हणून उत्तरास उशीर झाला.

कोकमसरबत | ३ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

शब्दही सैनिकांमुळेच आले, हे येथे सांगण्याजोगे आहे. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक' या नावाने अशा सैनिकांची वर्णने छापली. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदूला इजा होत असावी, असा तेव्हाचा तर्क होता. मग गोळ्याच्या जवळपासही नसलेल्यांना तीच लक्षणे दिसू लागली आणि तर्क लंगडा पडला. पीटीएसडी हे नाव अमेरिकी निदानग्रंथात आले ते १९८० मध्ये, आणि त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा आग्रह मोठा होता. म्हणजे सुभेदारसाहेब सैन्यात भरती झाले त्या सुमारास हा शब्द नुकता जन्मला असावा.

निवृत्त_सुभेदार | ३ नोव्हेंबर, सकाळी ८:४५

१९८१. माझे वय अशा रीतीने चारचौघांत उघडे पाडल्याबद्दल आभार.

फोंड्याची_आजी | ३ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

मी ७४ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. माझ्या आयुष्यात आग नाही, अपघात नाही. यजमान जाऊन नऊ वर्षे झाली, तेही वयाने. मुलगा आणि सून इंग्लंडात, मुलगी लिस्बनमध्ये. रविवारी व्हिडिओ कॉल होतो, नातवंडे हात हलवतात, मग पडदा काळा होतो आणि त्यात माझाच चेहरा दिसतो. तेव्हा माझा एकटेपणा आपल्यासारखा नाही, हे जाणून लिहिते. आपल्याला माणूस आत येईल याची धास्ती वाटते. मला तो येणार नाही याची.

एक गोष्ट मात्र आपल्या कामाची असू शकेल. सकाळी साडेसहाला पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून पोंय-पोंय करत येतो. मला एक उंडा (गोल पाव) पुरतो. मी दोन घेते, कारण एकासाठी तो फाटकाशी थांबेलच असे नाही, दोनांसाठी थांबतो. आमचे बोलणे होते ते पावसाचे, पिठाच्या भावाचे, कुत्र्याचे. दीड मिनिट. एकेका दिवशी दिवसभरातला माझा आवाज मी तेवढाच ऐकते. दुसरा उंडा संध्याकाळी चहात बुडवून खाते, ही वेगळी गोष्ट. आपण पुष्कळ माणसांचा विचार करू नये. दीड मिनिटाचे एक माणूस शोधावे, जे आत येऊन बसणार नाही याची खात्री असेल.

बंदर_ते_बंदर | ३ नोव्हेंबर, रात्री ११:५०

तारवटीबंधूंना नमस्कार. मीही इंजिनखात्यातलाच, सध्या सुटीवर आहे, जानेवारीत पुन्हा जाईन.

आपल्या धंद्यातले एक सत्य येथे कोणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो. जहाजावर वीसबावीस माणसे असतात, तीन-चार देशांची. पाळी संपली की जो तो आपल्या केबिनमध्ये मोबाइल घेऊन पडतो. पूर्वी मेसमध्ये पत्ते पडत. आता इंटरनेट चांगले आहे, त्यामुळे शेजारी कोणी नाही. सहा-आठ महिने असे काढले, की माणूस एकटेपणाला सरावतो आणि घरी येतो तेव्हा ती सवय सामानाबरोबर येते. तेव्हा आपला सगळा एकटेपणा आगीने आणला असेल असे नव्हे. काही भाग आधीच बॅगेत होता.

दुसरे. वैद्यकीय तपासणीच्या अर्जात मानसिक आजारासमोर आम्ही सारे 'नाही' लिहितो, कारण 'हो' लिहिले तर पुढचे जहाज मिळेल की नाही ही भीती. मी स्वतः तसे लिहिले आहे. याचा मला अभिमान नाही. एमएलसी २००६ या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार नोकरीच्या काळात जडलेल्या आजारासाठी किमान सोळा आठवड्यांच्या वेतनाची तरतूद आहे आणि भारत या करारात आहे. परंतु हाडाच्या एक्सरेवर जसे बोट ठेवता येते तसे मनावर ठेवता येत नाही, म्हणून मागणारे थोडे. आपण मागितले होते काय?

भरतीओहोटी | ४ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

मागितले नाही. हाताला भाजले होते, त्याचे पैसे मिळाले. मनाचे काही असते हे तेव्हा मलाच ठाऊक नव्हते, आणि ठाऊक झाले तेव्हा कंपनीला पत्र लिहिण्यासाठी तिचे नाव टंकित करणेही जमेना.

आजी, आपला पोदेर माझ्या मनात राहिला आहे.

कुळागर | ४ नोव्हेंबर, सकाळी १०:००

गोव्यात बसून मनाच्या आजारावर इतकी चर्चा झाली आणि आबे फारियांचे नाव कोणी काढले नाही, याचे आश्चर्य वाटते. पणजीत जुन्या सचिवालयाजवळ त्यांचा पुतळा आहे, १९४५ सालचा: झगा घातलेला पाद्री आणि त्याच्या पसरलेल्या हातांखाली मागे कोसळणारी बाई. लहानपणी मला वाटे की तो तिला ढकलतो आहे. कांदोळीत १७५६ साली जन्मलेल्या या माणसाने पॅरिसमध्ये सांगितले, की संमोहन कोणा चुंबकीय प्रवाहामुळे घडत नाही, ते त्या व्यक्तीच्या स्वतःच्या मनातून आणि सूचनेतून घडते. १८१९ मध्ये तो तेथेच वारला. धागाकर्त्यांनी संमोहनाचा विचार करावा काय?

कोकमसरबत | ४ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

फारियांविषयी आदर पूर्ण आहे, परंतु पीटीएसडीसाठी ज्यांचा आधार भक्कम आहे त्या पद्धती वेगळ्या. एकीत सुरक्षित वातावरणात त्या आठवणीला आणि टाळलेल्या ठिकाणांना टप्प्याटप्प्याने सामोरे जातात. दुसरीत 'मी थांबलो असतो तर', 'दोष माझाच' अशा अडकून बसलेल्या विचारांची उलटतपासणी करतात. धागाकर्त्यांनी दरवाजाविषयी एकच वाक्य लिहून पुढचे थांबवले आहे, त्यावरून या पद्धतीची आठवण झाली. तिसरी ईएमडीआर, जी फ्रान्सिन शापिरो यांनी १९८९ मध्ये मांडली. तीत आठवण मनात धरून डोळे ठरावीक रीतीने फिरवतात. डोळे फिरवण्याने नेमके काय होते यावर तज्ज्ञांत अजून वाद आहेत, गुण मात्र पुष्कळांना येतो.

दशावतारी | ४ नोव्हेंबर, दुपारी १:०५

फारियांची ती भाजीची गोष्ट तरी सांगावी. दंतकथा आहे म्हणतात, पण गोड आहे.

कुळागर | ४ नोव्हेंबर, दुपारी २:२०

सांगतो. लिस्बनमध्ये राणीसमोर प्रवचन द्यायला तरुण फारिया उभे राहिले आणि समोरची बडी मंडळी पाहून त्यांची जीभ टाळूला चिकटली. बाप व्यासपीठाजवळ होता. तो कोंकणीत पुटपुटला, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" आणि पोराची वाणी सुटली. समोर राजे-सरदार नव्हेत, भाजी आहे, चिरायला लाग. खरे-खोटे देव जाणे.

फोंड्याची_आजी | ४ नोव्हेंबर, दुपारी ४:००

चाळीस वर्षे सातवीचा वर्ग मी याच मंत्रावर शिकवला.

म्हादईकाठ | ५ नोव्हेंबर, रात्री १२:३०

सर्वांचे वाचून झाल्यावर आता माझे लिहिते. माझे यजमान पाच वर्षांपूर्वी महामार्गावरच्या अपघातातून वाचले; मागे बसलेला त्यांचा धाकटा भाऊ वाचला नाही. तेव्हापासून आमच्या घरी दुचाकी नाही, आणि दीर या शब्दाचा उच्चार नाही. यजमान वाईट वागत नाहीत. ते फक्त नसतात. समोर बसून जेवतात आणि नसतात. त्यांना काय हवे ते ओळखण्यात माझी इतकी वर्षे गेली, की मला काय हवे असे परवा बहिणीने विचारले तर मला उत्तर सुचले नाही. नातेवाईक माझ्याकडे त्यांची चौकशी करतात. माझी कोणी करत नाही.

भरतीओहोटी, आपल्याला दुखवण्याचा हेतू नाही. परंतु आपण 'भरल्या घरात एकटा' असे लिहिलेत, तेव्हा त्या भरल्या घरातली बाई मला दिसली. ती कशी आहे, हे आपण तिला कधी विचारले आहे काय?

व्यवस्थापक | ५ नोव्हेंबर, सकाळी ९:००

धाग्यावरील चर्चा संयमाने चालली आहे, त्याबद्दल सर्वांचे आभार. वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर त्यांनी धाग्यावर उत्तराची वाट पाहत बसू नये. १४४१६ हा 'टेली-मानस' या मानसिक आरोग्य मदतसेवेचा क्रमांक चोवीस तास चालू असतो, निःशुल्क आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. ही सेवा केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केली आहे. बांबोळीला मनोविकार संस्था आहेच.

बंदर_ते_बंदर | ५ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

बांबोळीला जातो म्हटले, की बसमध्ये शेजारचा विचारतो, "मोठ्या इस्पितळात की त्या दुसऱ्या?" मी एकदा "दुसऱ्या" असे उत्तर दिले. पणजीपर्यंत अख्खे बाक मला एकट्याला मिळाले.

भरतीओहोटी | ६ नोव्हेंबर, रात्री १०:१०

व्यवस्थापकांनी 'मानस' लिहिले आणि मला हसू आले, कारण आमच्या खाजनशेतीत मानस म्हणजे बांधातले पाण्याचे दार. भरतीचे पाणी चढले की त्याच्या दाबाने दाराची लाकडी झडप आपोआप मिटते आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने ती उघडते. माणसाने काही करायचे नसते. माझी झडप त्या रात्री मिटली ती मिटलीच, असे मला वाटत आले आहे.

म्हादईकाठ, आपला प्रश्न वाचून मी मोबाइल बंद केला. कालची रात्र गेली, आज सकाळी पत्नी शाळेत जाण्यापूर्वी पोळ्यांचा डबा भरत होती तेव्हा विचारले. ती हातातले फडके न ठेवता म्हणाली, "नरकासुराच्या रात्री तू आत होतास ना, तेव्हा मी दाराबाहेर जमिनीवर बसले होते. पहाटेपर्यंत." तिला कोणी विचारले नव्हते आणि मला कोणी सांगितले नव्हते. मग तिची बस आली.

निवृत्त_सुभेदार | ६ नोव्हेंबर, रात्री १०:५०

मानसच्या दाराबद्दल एक सुधारणा. माझी सासुरवाडी खाजनाकाठची आहे, म्हणून ठाऊक. झडपेत ओंडका किंवा गाळ अडकला, तर ओहोटी लागूनही ती उघडत नाही. अशा वेळी कोणीतरी कमरेएवढ्या चिखलात उतरून ते काढते, आणि तो माणूस एकटा उतरत नाही. वर एक जण दोर धरून असतो.

दशावतारी | ७ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

मी पहिल्याच प्रतिसादात मोठ्या तोऱ्याने सल्ला दिला होता. खरे सांगायचे तर हा सल्ला मी स्वतःला रोज देतो. खाण बंद पडल्यावर, म्हणजे २०१२ मध्ये एकदा आणि २०१८ मध्ये पुन्हा, माझा ट्रक दारात उभा राहिला, हप्ते थकले आणि मी संध्याकाळी सहाला बाटली उघडू लागलो. त्याला नैराश्य म्हणतात हे मला कोणी सांगितले नाही, आणि सांगितले असते तर मी त्याला जत्रेला बोलावले असते. आता दारू बंद आहे, चौदा महिने झाले. मात्र झोप येण्यासाठी एका औषधविक्रेत्याने दिलेली गोळी घेतो. धागाकर्तेही गोळ्या घेतात, म्हणून विचारतो: या गोळ्यांची सवय लागते म्हणतात, ते खरे काय?

कोकमसरबत | ७ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

चौदा महिने ही मोठी गोष्ट आहे, ती आधी मान्य करू.

दोन प्रकारच्या गोळ्यांची येथे गल्लत होते. नैराश्य आणि पीटीएसडीसाठी सामान्यतः देतात त्या, उदाहरणार्थ सर्ट्रालिन, व्यसन लावत नाहीत. त्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि त्या एकदम तोडायच्या नसतात, डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू कमी करायच्या असतात. झोपेच्या किंवा घबराटीच्या म्हणून परस्पर मिळवलेल्या पुष्कळशा गोळ्या दुसऱ्या जातीच्या असतात. त्यांची सवय लागते, आणि पीटीएसडीत त्या दिल्याने फायदा होत नाही असेच मार्गदर्शक सूचना सांगतात. आपली गोळी कोणती हे मला येथून कळणार नाही, परंतु चिठ्ठीशिवाय घेतलेली आहे एवढे पुरे. मनाने बंदही करू नये. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जावे.

आणि एक गोष्ट गोव्याची म्हणून सांगते. १९९६ मध्ये येथे सुरू झालेल्या 'संगथ' या संस्थेने (आपला सांगात, म्हणजे सोबत, तोच शब्द) गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याने ग्रासलेल्या ४९५ प्रौढांवर एक अभ्यास केला. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्रज्ञही नव्हते. ती प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसे होती. सहा ते आठ बैठका. त्यांचा गाभा इतकाच, की मन होईल तेव्हा करू, असे न म्हणता पूर्वी अर्थपूर्ण वाटलेले एखादे लहान काम ठरवून, वेळ लावून करायचे आणि त्यानंतर कसे वाटले ते पाहायचे. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते; नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. 'लॅन्सेट'ने तो अभ्यास २०१७ मध्ये छापला. याच धर्तीचे काम दारू जास्त पिणाऱ्या पुरुषांसाठीही येथेच झाले. दशावतारी, आपल्या जवळच्या आरोग्य केंद्रात विचारून पाहण्यास हरकत नाही.

दशावतारी | ७ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

विचारीन. 'पाहीन' असे लिहिणार होतो, ते खोडले.

कुळागर | ७ नोव्हेंबर, रात्री ९:००

'मन होईल तेव्हा करू' हे वाक्य आमच्या सुपारीच्या बागेत चालत नाही. पाटाचे पाणी सोडण्याची पाळी मंगळवारी असली तर ती मंगळवारीच. वडील गेले त्या आठवड्यातही मी पाणी सोडायला गेलो होतो. तेव्हा लोकांना तो निर्दयपणा वाटला.

बंदर_ते_बंदर | ८ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

भरतीओहोटी, माझा एक प्रस्ताव आहे. एका जुन्या बोसनशी (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाशी) मी दर रविवारी सकाळी दहाला फोनवर बोलतो. आम्ही फुटबॉलवर आणि बांगड्याच्या भावावर बोलतो. त्याच्या जहाजावर जे घडले त्यावर सहा वर्षांत एक शब्द बोललेलो नाही. त्याला ठाऊक आहे की मला ठाऊक आहे, तेवढे पुरते. मी मेरशीला राहतो. आपल्या समुपदेशकांनी मान्य केले आणि आपली इच्छा असली, तर रायबंदरच्या धक्क्यावर मी रविवारी चारला उभा राहीन. बोटीत चढायचे नाही. आपण चोडणच्या बाजूला उभे राहावे, मी या बाजूला. हात करू.

निवृत्त_सुभेदार | ८ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

वर दोर धरणारा सापडला.

भरतीओहोटी | २३ नोव्हेंबर, रात्री ९:३०

उत्तरास विलंब झाला, क्षमस्व. समुपदेशकांना धागा दाखवला. त्यांनी पायऱ्यांचा कागद करून दिला. ९ तारखेला धक्क्याच्या या बाजूला उभा राहिलो आणि पलीकडे एक माणूस छत्री हलवताना दिसला. (पाऊस नव्हता. ओळखू यावे म्हणून त्याने छत्री आणली होती.) मधल्या आठवड्यात दोनदा धक्क्याला लागलेल्या बोटीत फळी टाकलेली असताना चढून लगेच उतरलो, बोटीवरच्या खलाशाला मी कोणाला शोधतो आहे असे वाटले. १६ तारखेला तोच इकडे आला आणि आम्ही उभ्या बोटीत पाच मिनिटे थांबलो.

आज बोट सुटली. मी कठड्याला धरून मोकळ्या बाजूला उभा होतो, बंदर_ते_बंदर माझ्या डावीकडे. मध्यावर इंजिनाचा आवाज बदलला, पत्रा थरथरला आणि माझ्या तळहातांना घाम फुटून कठडा निसटू लागला. डोळे मिटले असते तर मी तेथे गेलो असतो, म्हणून ते उघडे ठेवून माणसे मोजू लागलो: सात स्कूटर, दोन गाड्या, मासळीची टोपली घेतलेली एक बाई, शाळेची तीन मुले. मोजता मोजता 'ही सगळी भाजी' आठवले आणि हसू फुटले. मासळीवालीला वाटले मी तिला हसतो आहे. तिने मला जे सुनावले ते येथे लिहिण्याजोगे नाही. पलीकडे पोचेपर्यंत ती बोलत होती. तीन वर्षांत अनोळखी माणसाशी झालेले माझे ते सर्वांत दीर्घ संभाषण होते.

परतीची बोट मात्र जमली नाही. दोनदा फळीपर्यंत जाऊन मागे फिरलो. शेवटी बंदर_ते_बंदर यांनी त्यांच्या गाडीतून मला मयेमार्गे घरी सोडले. पत्नी सोप्यावर होती. तिने त्यांना आत बोलावले, चहा दिला, आणि ते पाऊण तास बसले. मीही बसलो.

फोंड्याची_आजी | २३ नोव्हेंबर, रात्री ९:५०

आणि घुमट?

भरतीओहोटी | २३ नोव्हेंबर, रात्री १०:०५

चामडे सैल पडले आहे. बदलायला टाकायचे आहे, मुलगी म्हणाली मी येते. अडचण एवढीच, की स्कूटर आज चोडणच्या धक्क्यावरच राहिली आहे. उद्या सकाळी चालत जाऊन आणावी लागेल.